साजातलं कारलं

कोल्हापुरात ‘मला दिसत नाही’ असं म्हणणारा माणूस मला पंधरा वर्षांच्या नोकरीत भेटलेला नव्हता. तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, बशीएवढं अक्षर ज्याला लागत नाही, तोसुद्धा म्हणतो, दिसतंय की, जरा उजेड कमी आहे तुमच्यात. कुणी तक्ता जुना झाल्याचं सांगतो, कुणी कालच्या जागरणावर ढकलतो. एका निवृत्त पैलवानांनी तर तक्ता तिरका टांगलाय म्हणून तो मला दोनदा सरळ करायला लावला होता.

मी शर्मिष्ठा शिंत्रे. राजारामपुरीतल्या एका दृष्टी-पुनर्वसन केंद्रात काम करते. डॉक्टरांनी ‘आता औषधानं सुधारणार नाही’ असं सांगितलं की माणसं माझ्याकडे येतात. उरलेल्या नजरेतून जास्तीत जास्त काम कसं काढायचं, ते शिकवणं हा माझा धंदा. त्यासाठी आधी काय दिसत नाही हे कळावं लागतं, आणि तिथंच आमचं घोडं पेंड खातं.

दस्तगीर पटवेगार आले तेव्हा त्यांनीही तेच केलं. वय एकसष्ट, गुजरीत एका सराफाच्या कट्ट्यावर त्यांची बैठक. तीन पिढ्या दागिने ओवायचं काम. पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवून, मांडीवर ताण धरून, मंगळसूत्रं आणि साज ओवणारी जी माणसं सराफकट्ट्यावर दिसतात, त्यांतले ते. मी तक्ता दाखवला, तर त्यांनी पाच ओळी घडाघडा म्हटल्या. मी दुसरा तक्ता लावला. त्यावरही त्यांनी त्याच पाच ओळी म्हटल्या.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, हलिमाचाचींनी, खाली बघत सांगितलं की आठ महिने झाले, मधोमध बघायला गेलं की ह्यांना नुसता धुरकट डाग दिसतो. मग धंदा कसा चाललाय, असं मी विचारलं. चाचींनी हातातली जपमाळ दाखवली. त्या रोज डबा घेऊन गुजरीत जायच्या आणि डबा संपला तरी माळ ओढत शेजारी बसून राहायच्या. लोकांना वाटायचं, बाई धार्मिक आहे. प्रत्यक्षात त्या नवऱ्याचे मणी मोजत असायच्या. कमीजास्त झालं की माळ थांबायची, आणि चाचांना ते कळायचं.

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

आजार साधा होता, म्हणजे समजायला साधा. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध एक तिळाएवढी जागा असते, पीतबिंदू. अक्षर वाचणं, सुई ओवणं, चेहरा ओळखणं, ही सगळी नाजूक कामं ती एकटी करते. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत तीच जागा झिजली होती. कडेचा पडदा धड होता. त्यामुळे ते रस्त्यानं नीट चालत, म्हैस आली तर बाजूला होत, पण हातातला मणी मात्र बघायला गेलं की नाहीसा होई.

अशा वेळी आम्ही जुनाच उपाय करतो. डाग जिथं आहे तिथून नजर थोडी हलवायची आणि वस्तूकडे तिरकं बघायचं, म्हणजे ती कडेच्या धड पडद्यावर पडते. सोबतीला स्टँडवरचं भिंग आणि चांगला दिवा. चाचांनी चार महिने हे घोटलं. माणूस चिकट. पण कडेच्या नजरेची एक खोड आहे, तिला गर्दी सोसत नाही. एकटा मणी मोठा केला की कळतो, शेजारी दुसरे चार आले की सगळ्यांचा मिळून लगदा होतो. भिंगानं मणी मोठा होतो, तसा लगदाही मोठा होतो. आणि कोल्हापुरी साज म्हणजे तर गर्दीच. लाखेवर सोन्याचा पत्रा चढवलेली, हरभऱ्याएवढी एकवीस पानं, म्हणजे आकार. चंद्र, मासा, कासव, शंख, नाग, भुंगा, बेलपान, कमळ, कारलं असे. मधे सोन्याचे बारीक मणी. ती पानं ठरलेल्या क्रमानं ओवायची.

अशात बंगळुरूच्या एका कंपनीचा नवा चष्मा चाचणीसाठी आमच्या केंद्रात आला. पाच शहरांतून मिळून चाळीस रुग्ण निवडायचे होते. मी पहिलं नाव दस्तगीरचाचांचं घातलं.

चष्म्याला पुढं दोन कॅमेरे, आत डोळ्यांसमोर दोन पडदे. कॅमेरा समोरची वस्तू टिपतो. आतला संगणक ती कोणती आहे हे ओळखतो आणि गर्दीतून सुटी करून, जाड रेघांनी, रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्याचा जो भाग धड आहे नेमक्या त्या जागी काढून दाखवतो. थोडक्यात, चष्मा वस्तू दाखवत नाही, वस्तूचं चित्र काढून दाखवतो. हा फरक मला माहीत होता. महत्त्वाचा वाटला नव्हता.

सहा महिने वापरायचा, मग शेवटची परीक्षा. शंभरात पंचाहत्तर पडले तर चष्मा कायमचा रुग्णाचा, नाहीतर परत. चाचांनी पहिल्या दिवशी तो डोळ्यांवर चढवला आणि हलिमाचाचींच्या तोंडाकडे बघतच बसले. चाची संकोचून पदर सारखा करू लागल्या. चाचा म्हणाले, भुवई पांढरी झाली की तुझी, मला सांगितलं न्हाईस.

प्रत्येक रुग्णाची परीक्षा त्याच्या धंद्याप्रमाणं असावी, ही कल्पना कंपनीच्या सौमित्र दामलेची. डोंबिवलीचा पोरगेला इंजिनिअर, हुशार आणि मनापासून काम करणारा. डोक्यावर आभासी जगाचा टोप चढवला की रुग्णाला समोर त्याचं स्वतःचं कामाचं ठिकाण दिसायचं, आणि नजर कुठं जाते, हात कुठं चुकतो, हे सगळं यंत्र टिपायचं. चाचांसाठी त्यानं गुजरीचा कट्टा उभा केला. अंगठ्याला दोरासुद्धा दिला. साजाच्या पानांचा क्रम तेवढा त्याला हवा होता. मी चाचांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून, आजोबांनी शिकवलेला क्रम एका दमात म्हटला. पहिला चंद्र, नववं कारलं, एकविसावं कमळ. मी टंकून घेतला आणि पाठवून दिला. सौमित्रनं तो परीक्षेत घातला, आणि ओळखायला मदत व्हावी म्हणून चाचांच्या चष्म्यातही घातला.

पेपर काढणारा आणि कानात उत्तर सांगणारा एकच झाला होता. पण माझ्या ते डोक्यातही आलं नाही.

सराव परीक्षेत चाचांना चौऱ्याण्णव पडले. चाळीस जणांत सर्वांत जास्त. मी सगळ्या केंद्राला पेढे वाटले. गुजरीतही बोलबाला झाला. चाचांची मान ताठ झाली, कामाचा वेग वाढला. चाचा पूर्वी प्रत्येक पान चिमटीत फिरवून मग दोऱ्यात घालायचे, ते फिरवणं बंद झालं. बघितलं की घातलं.

हलिमाचाची एकदा एकट्याच केंद्रात आल्या. कामाचं काही नव्हतं. जाता जाता म्हणाल्या, आता हे म्हणतात, डबा पाठवून दे, यायचं कारण न्हाई. मी म्हटलं, चांगलंच की, तुमची दगदग वाचली. त्या हो म्हणाल्या आणि जपमाळ पिशवीत टाकून गेल्या. मला तेव्हा वाटलं, बायकांना कशाचंही वाईट वाटतं. आज हे लिहिताना माझाच राग येतो.

पाचव्या महिन्यात पद्मलआक्का चौगुले साज घेऊन गुजरीत आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, रुकडीच्या. नातीचं लग्न महिन्यावर आलेलं, आणि त्यांच्या सासूच्या सासूपासून आलेला साज नातीच्या गळ्यात घालायचा होता. दोरा कुजला होता. सोनं डोळ्यांसमोरून हलू द्यायचं नाही, ही रीत, म्हणून आक्का चाचांसमोर बसून राहिल्या. चाचांनी जुना साज चटईवर आडवा मांडला, चष्म्यातून क्रम बघून ध्यानात ठेवला, दोरा कापला, पानं रिठ्याच्या पाण्यात धुऊन घेतली आणि नव्या रेशमात ओवून दिली. आक्का सगळा वेळ बघत होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दोघंही माझ्या दारात. आक्का शांत होत्या. चाचांचा चेहरा मात्र पडला होता. त्यांनी साज रुमालातून काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि चष्मा काढून त्याच्या शेजारी ठेवला.

आक्कांनीच सांगितलं. त्यांच्या घरात कारलं नवव्या जागी नसतं. ते एकविसावं, अगदी शेवटी, गोफाजवळ, म्हणजे बांधायच्या दोरीजवळ, मानेमागं. तिथलं कमळ पुढं नवव्या जागी. ही त्यांच्या आजेसासूची रीत.

“लगीन झालं की कडू गोष्टी हुत्यातच,” आक्का म्हणाल्या. “पण कडू मागं टाकायचं आणि पुढं चालायचं, म्हणून कारलं मागं. साठ वर्षं ह्या बोटानं मी मानंमागचं कारलं चाचपतीया. काल रात्री हात लावला, तर कमळाची पाकळी लागली.”

मी साज मोठ्या कॅमेऱ्याखाली धरला. आक्कांच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी विम्यासाठी काढलेला जुन्या साजाचा फोटो मागवला आणि चष्म्याचा संगणक त्या फोटोवर चालवून बघितला. दहा मिनिटांत उलगडा झाला. ती दोन्ही पानं घासून घासून गुळगुळीत झालेली, खाचांत ऐंशी वर्षांचा मळ. चष्म्याला ती ओळखता आली नव्हती. पण ओळखता आलं नाही असं सांगायची त्याला सोयच नव्हती. त्यानं आमच्या यादीत बघितलं. नववं कारलं आणि एकविसावं कमळ, असं तिथं लिहिलेलं. त्यानं तशी सुबक, जाड रेघांची चित्रं काढून चाचांना दाखवली. धुतल्यावर पानं थोडी उजळली आणि चष्म्याचा अंदाज कसाबसा बरोबर आला. मग चाचांनी ती आधी बघितलेल्या चुकीच्या क्रमानं इमानदारीनं ओवली.

चष्मा कोल्हापूरकरच निघाला. दिसत नाही म्हणायची लाज.

मी चाचांना समजावू लागले की चूक तुमची नाही, यंत्राची आहे, आणि यादी मी पाठवली होती. त्यांनी हातानं थांबवलं.

“ताई, दोरा कापायच्या आधी म्या शेवटच्या पानावरनं बोट फिरवलं हुतं,” ते म्हणाले. “बोट म्हणालं, कारलं. चष्मा म्हणाला, कमळ. पन्नास वर्षांचं बोट, आणि म्या पाच महिन्यांच्या चष्म्याचं ऐकलं.”

आक्कांनी साज रुमालात बांधला. लग्नाआधी पुन्हा ओवून लागेल, एवढंच बोलून त्या गेल्या. गुजरीत त्यांनी ब्र काढला नाही. हे मला नंतर कळलं.

मी सौमित्रला फोन लावला आणि जरा जास्तच आवाज चढवला. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला की पहिल्या आवृत्तीत तशी सोय होती. यंत्राला खात्री नसेल तिथं कोरी जागा दिसायची. पण रुग्णांना ती आवडली नाही. समोरच्या जगात मधेच भोकं पडलेली बघून लोक घाबरायचे, आजार वाढला म्हणायचे, चष्मा काढून ठेवायचे. म्हणून कोरी जागा बंद केली आणि यंत्राला सर्वांत जवळचा अंदाज दाखवायला सांगितलं. तेव्हापासून सगळे खूश. कोऱ्या जागेची कळ अजून आत आहे, त्यानं सांगितलं, पण ती चालू केली तर कोऱ्या जागा चुकीत धरल्या जातील आणि सगळ्यांचे गुण घसरतील. चाचांचे सत्तरच्या आसपास येतील. शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

रात्रभर मी विचार केला आणि मधला मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी चाचा-चाचींना बोलावून सांगितलं. परीक्षा आत्ता आहे तशीच द्या. नव्वदच्या वर पडतील, चष्मा तुमचा होईल. मग मी सौमित्रला गाठून तुमच्यापुरती कळ चालू करून घेते. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

हे सांगताना मला माझं कौतुक वाटत होतं, हे कबूल करते. पंधरा वर्षांत एवढा उपयोगी चष्मा मी बघितला नव्हता. तो चाचांच्या नाकावरून उतरावा असं मला वाटत नव्हतं, आणि चाळिसांत पहिला आलेला रुग्ण माझा होता, हेही होतंच.

चाचा मांडीवर बोटं फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, बाकीचे एकोणचाळीस काय करतात. मी आठवेल तसं सांगितलं. एक शिंपी, दोन मास्तर, एक पोस्टातले. नागपूरच्या एक बाई, एकट्या राहतात, चष्मा लावून स्वतःचं इन्सुलिन स्वतः सुईत भरतात.

“त्या सुईवरचा आकडा त्यांना कोण दावतंय?”

चष्मा, मी म्हटलं.

“पुसट झालेला असंल, तर रोजचाच आकडा दावत असंल न्हवं?”

त्या बाईंचा रोजचा आकडा यादीत होता. प्रत्येक रुग्णाची अशी एक यादी होती, आणि सगळ्या केंद्रांनी ती माझ्यासारखीच हौसेनं भरून पाठवली होती.

“माझं कारलं चुकलं, आक्कांनी पोटात घातलं,” चाचा म्हणाले. “त्या बाईचं कोण पोटात घालणार? कळ चालू करा ताई, आणि परीक्षा त्याच्यावरच घ्या. समद्यांच्या म्होरं.”

चष्मा जाईल, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. जाईल हे त्यांना माहीत होतं. मी हलिमाचाचींकडे बघितलं, म्हटलं, तुम्ही तरी सांगा. चाचींनी पिशवीतून जपमाळ काढून हातात घेतली होती. ह्यांनी बरोबर सांगितलं, एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी मी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला पत्र लिहिलं आणि नागपूरच्या केंद्रात फोन करून त्या बाईंच्या शेजारणीला सुई भरायला बसवलं. पत्रात दोन मागण्या होत्या. दस्तगीर पटवेगारांची परीक्षा कळ चालू करून घ्यावी, आणि ती टोपात न घेता चटईवर घ्यावी, खऱ्या साजावर. आभासी जगात सगळं होतं, बोटांना लागणारं पान मात्र नव्हतं. नियमांच्या पुस्तकात एक ओळ होती, ‘अंतिम चाचणी आभासी किंवा प्रत्यक्ष’. ती बहुधा लिहिणाऱ्यानेही पुन्हा वाचली नसावी. मी तिच्यावर बोट ठेवलं. सौमित्रनं कळ चालू करून दिली. वरिष्ठांना न विचारता दिली, हे त्याचं मोठेपण.

आता खरा साज आणायचा कुठून, हा प्रश्न होता. कोण देणार? मी रुकडीला गेले. आक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कसंबसं सांगितलं की तुमचा साज पुन्हा त्याच माणसाच्या हातात, त्याच चष्म्यानं, परीक्षेसाठी म्हणून द्याल का. लग्न बारा दिवसांवर होतं. घरातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आक्कांनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, माझ्यासमोर ओवतील ना. मी हो म्हटलं. मग काय तर, त्या म्हणाल्या. सोनं डोळ्यांसमोर असल्यावर भ्यायचं कशाला.

परीक्षेच्या दिवशी आमच्या सभागृहात चटई अंथरली. तिघं तज्ज्ञ डॉक्टर खुर्च्यांवर बसले, सौमित्र लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात. चाचा मांडी घालून बसले, अंगठ्याला दोरा अडकवला, ताण बघितला. समोर पद्मलआक्का बसल्या. चाची दाराशी उभ्या होत्या. चाचांनी बाजूची चटई थोपटली, तेव्हा त्या येऊन बसल्या.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चष्म्यात काय दिसतं ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आधी वाचनाचा तुकडा झाला. मजकुरात तीन ठिकाणी भोकं. चाचा तिथं थांबले, कागद तिरका धरून, भिंग लावून दोन शब्द सोडवले, तिसरा सुटला नाही. वेळ गेला. गुण घसरताना मला लॅपटॉपवर दिसत होते. मी तिकडे बघायचं सोडून दिलं.

मग साज. वाडग्यात सुटी एकवीस पानं. चंद्र, मासा, शंख, एकेक चित्र पडद्यावर उमटत गेलं आणि दोऱ्यात जात राहिलं. आठ पानं झाली. नवव्याला चाचांनी उचललेल्या पानाच्या जागी पडद्यावर कोरा गोल आला. काहीच नाही. नुसती पांढरी जागा.

चाचांनी मान वर केली आणि तिघा डॉक्टरांकडे, म्हणजे त्यांच्या थोडं बाजूला, तिरकं बघितलं.

“हितं मला दिसत न्हाई,” ते म्हणाले.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी ते वाक्य ऐकलं. आवाजात कसलीही लाज नव्हती.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि पान चिमटीत फिरवलं. एकदा, दोनदा. पाकळ्या आहेत, कमळ, असं पुटपुटून ते नवव्या जागी घातलं. पुढं अकरा पानं चष्म्यानं दाखवली. शेवटचं उरलं, तिथं पुन्हा कोरी जागा. पान एकच उरलेलं, म्हणजे ते काय आहे हे कुणीही सांगितलं असतं. तरी त्यांनी ते बोटांनी सावकाश तपासलं, प्रत्येक उंचवटा मोजल्यासारखा. हलिमाचाचींची माळ हलत होती. ती थांबली नाही. मग कारलं गोफाजवळ जाऊन बसलं आणि चाचांनी गाठ मारली.

साज आक्कांच्या गळ्यात मी बांधला. सभागृहातल्या कुणाकडेही न बघता आक्कांनी उजवा हात मानेमागं नेला. बोट थोडं फिरलं आणि थांबलं.

“हाय,” त्या म्हणाल्या. “जाग्यावर हाय.”

चाचांना एकाहत्तर पडले. चार कमी. समितीच्या अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला. त्यांना तो वाचणं जड जात होतं, हे मान्य करायला हवं. चाचांनी चष्मा स्वतःच पुसला, पेटीत ठेवला आणि पेटी सौमित्रच्या हातात दिली. त्याच संध्याकाळी उरलेल्या एकोणचाळीस जणांचे चष्मे थांबवण्याचं पत्र निघालं. कोरी जागा दाखवणारी आवृत्ती आल्याशिवाय परवानगी नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. अहवालाखाली मी सही केली आणि यादीची चूक माझी होती, हेही लिहिलं.

त्यानंतरचे आठ महिने सोपे नव्हते. चाचा पुन्हा तिरक्या नजरेवर आणि भिंगावर आले. एका दिवसाच्या साजाला तीन दिवस लागायचे. काही गिऱ्हाइकं दुसऱ्या कट्ट्यावर गेली. मी दर गुरुवारी गुजरीत जाऊन त्यांचा सराव घ्यायचे, कारण माझ्याकडून दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. चाचांनी एकदाही चष्म्याचं नाव काढलं नाही. पण कट्ट्यावर एक बदल झाला होता. हलिमाचाचींची माळ आता पिशवीत नसायची, आणि त्या मोठ्यानं मोजायच्या. कुणी विचारलं, तर चाचा सरळ सांगायचे की मला मधलं दिसत नाही, ही मोजते, मी ओवतो. दोन-चार जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले.

नवव्या महिन्यात सौमित्र स्वतः नवी पेटी घेऊन आला. आम्ही दोघं तशीच गुजरी गाठली. चाचांनी चष्मा चढवला आणि रस्त्याकडे, समोरच्या दुकानाकडे, चटईवरच्या वाडग्याकडे बघितलं. कसं वाटतंय, असं सौमित्रनं जरा भीत भीतच विचारलं. मधे मधे भोकं आहेत, चाचा म्हणाले, आणि ते चांगलं झालं अशा सुरात म्हणाले.

हलिमाचाची तेवढ्यात उठल्या. डबा उचलला, माळ पिशवीत टाकली. आता आपलं काम संपलं, असं त्यांच्या सगळ्या हालचालीत होतं. चाचांनी चष्म्यातून त्यांच्याकडे बघितलं आणि बाजूच्या चटईवर हात ठेवला.

“बस खाली,” ते म्हणाले. “जिथं ह्यो गप बसंल, तिथं तू बोल.”

चाची बसल्या. चाचांनी अंगठ्याला दोरा अडकवला आणि पहिलं पान चिमटीत धरून आधी बोटांनी फिरवलं.